समुद्रतळावरील केबल्स आणि आपली बेफिकिरी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात राष्ट्रीय सुरक्षेवर नियमितपणे अभ्यासपूर्ण लेखन प्रसिद्ध होते आणि सीमेवरील तणाव, क्षेपणास्त्रे, ड्रोन व दहशतवाद हे विषय त्यात साहजिकच पुढे असतात. गेल्या काही वर्षांत मात्र जगात असा एक धोका आकाराला आला आहे, ज्याची आपल्याकडे फारच तुटपुंजी चर्चा होते आणि ज्याची झळ सर्वांत आधी मुंबईला बसू शकते. समुद्रतळावरून गेलेल्या दूरसंचार केबल्सना होणाऱ्या इजेबद्दल मी लिहीत आहे. खंडाखंडांतील जवळजवळ सर्व इंटरनेट आणि बँकिंग व्यवहार याच केबल्समधून होतात. उपग्रहांची क्षमता त्यांच्यापुढे नगण्य आहे, त्यामुळे अडचणीच्या वेळी उपग्रह कामाला येतील या भ्रमात कोणी राहू नये.

युद्धात शत्रूच्या केबल्स कापणे यात नवे काही नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्यावर काही तासांतच ब्रिटनने इंग्लिश खाडीतील जर्मन केबल्स तोडल्या होत्या. ते उघड युद्ध होते आणि कोणी काय केले याबद्दल शंका नव्हती. आज तसे राहिलेले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड आणि एस्टोनिया यांच्यामधील बाल्टिककनेक्टर ही वायुवाहिनी एका मालवाहू जहाजाच्या नांगराने फाटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच बाल्टिक समुद्रातील दोन दूरसंचार केबल्स लागोपाठ तुटल्या आणि त्या भागातून गेलेल्या एका चिनी जहाजाकडे संशयाची सुई वळली. या घटनांमागे रशियाचा हात असल्याचे अनेक युरोपीय नेत्यांनी सूचित केले, तर निष्काळजी खलाशी आणि मोडकळीस आलेली जहाजे यांचाच हा परिणाम असावा, असेही मत जाणकारांनी मांडले. दोन्ही बाजूंकडे निर्णायक पुरावा नाही, आणि माझ्या मते या धोक्याचे मर्म नेमके तेथेच आहे. जगभरात दरवर्षी केबल्समध्ये साधारण १५० ते २०० बिघाड होतात आणि त्यांतील बहुसंख्य मासेमारीची जाळी व जहाजांचे नांगर यांमुळेच होतात. हेतुपुरस्सर केलेली इजा या गर्दीत सहज लपून जाते.

‘ईगल एस’ या तेलवाहू जहाजाचे प्रकरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. २५ डिसेंबर २०२४ रोजी रशियाच्या उस्त-लुगा बंदरातून निघालेल्या या जहाजाचा नांगर फिनलंडच्या आखातात सुमारे ९० किलोमीटर तळावरून फरफटत गेला. एस्टलिंक-२ ही वीजवाहिनी आणि चार दूरसंचार केबल्स त्याने निकामी केल्या. फिनलंडने विलक्षण तत्परता दाखवली. हेलिकॉप्टरमधून जवान जहाजावर उतरले, जहाज आपल्या हद्दीत आणले गेले, आणि कप्तान व दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला गेला. तरीही ३ ऑक्टोबर २०२५ रोजी हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने खटला फेटाळला. घटना फिनलंडच्या प्रादेशिक समुद्राबाहेर, अनन्य आर्थिक क्षेत्रात (म्हणजे किनारी देशाला केवळ आर्थिक हक्क असलेल्या, पलीकडच्या पट्ट्यात) घडली होती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारानुसार अशा नौकानयनातील घटनांबाबत फौजदारी अधिकार जहाज ज्या देशाच्या ध्वजाखाली आहे त्या देशाला किंवा आरोपी ज्या देशाचे नागरिक आहेत त्या देशांना असतो, असे न्यायालयाने म्हटले. ध्वज होता कुक बेटांचा. आरोपींपैकी दोघे जॉर्जियाचे आणि एक भारतीय होता.

हा शेवटचा तपशील आपल्याकडील बातम्यांत जवळजवळ हरवला, पण त्याचा अर्थ गंभीर आहे. जगभरच्या व्यापारी जहाजांवर भारतीय अधिकारी आणि खलाशी फार मोठ्या संख्येने काम करतात, आणि कोकणातील किती घरे या नोकऱ्यांवर चालतात हे वाचकांना सांगायला नको. हेलसिंकीच्या न्यायालयाचा तर्क मान्य केला, तर उद्या अशा प्रकरणाची चौकशी करण्याची जबाबदारी भारताकडेही येऊ शकते. ती पेलण्याइतकी स्पष्ट तरतूद आपल्या कायद्यांत आहे का, याचे उत्तर केंद्रीय विधी व नौवहन मंत्रालयांनी द्यायला हवे. समुद्री केबल्सच्या संरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १८८४ चा, म्हणजे तारायंत्राच्या काळातला आहे आणि त्यानंतर झालेली भर अपुरी आहे. तैवानने जून २०२५ मध्ये एका चिनी कप्तानाला केबल तोडल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा सुनावली खरी, पण घटना किनाऱ्यालगत, तैवानच्या प्रादेशिक समुद्रात घडल्यामुळेच ते शक्य झाले. केबल्सचा बहुतेक प्रवास त्या हद्दीपलीकडचा असतो.

आता मुंबईकडे वळतो. १८७० मध्ये एडन आणि सुएझमार्गे तारायंत्राची केबल मुंबईला पोहोचली आणि तेव्हापासून पश्चिमेकडे जाणारा मार्ग बव्हंशी तोच राहिला आहे: अरबी समुद्र, बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी, लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनमधील हौथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने जायबंदी झालेले ‘रुबीमार’ हे खत वाहून नेणारे जहाज खलाशांनी सोडून दिले. नांगर टाकलेल्या अवस्थेतच ते भरकटत राहिले आणि अखेर २ मार्चला बुडाले. त्याच सुमारास तेथील तीन केबल्स तुटल्या. त्या नांगरानेच त्या तुटल्या असाव्यात, असे मानले जाते. या तिन्ही केबल्स मुंबईपर्यंत येणाऱ्या होत्या. येमेनमध्ये सत्तेचे दोन दावेदार असल्याने दुरुस्तीच्या जहाजाला परवानगी मिळवण्यातच महिने गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ पुन्हा केबल्स तुटल्या आणि भारत, पाकिस्तान व आखाती देशांत इंटरनेट मंदावले. त्या केबल्सही मुंबईला जोडलेल्या आहेत.

भारतात येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबल्सची संख्या वीसच्या आतबाहेर आहे आणि त्यांपैकी बहुतांश वर्सोव्याच्या काही किलोमीटरच्या किनारपट्टीत जमिनीवर येतात. रोज त्या चौपाटीवर फिरणाऱ्यांनाही पायाखाली काय गाडलेले आहे याची कल्पना नसते. शेअर बाजार, बँका, नवी मुंबईतील डेटा सेंटर आणि पुण्यातील संगणक कंपन्यांचे परदेशी काम एवढ्या अरुंद पट्टीवर अवलंबून ठेवणे मला अत्यंत चिंताजनक वाटते, मग त्यामागे कितीही सोयीची आणि खर्चाची कारणे असोत.

अशा धोक्यात गुन्हेगार सापडेल आणि त्याला शिक्षा होईल, या आशेवर संरक्षणाचे नियोजन उभे करता येत नाही. हेतू सिद्ध होणार नाही हे गृहीत धरून तुटलेली केबल किती दिवसांत जोडता येते, यालाच संरक्षणाची पहिली फळी मानले पाहिजे. खोल समुद्रातली केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच जाड असते आणि आतील काचतंतू केसासारखे बारीक असतात. किनाऱ्यावरून प्रकाशाचा स्पंद सोडून तो किती वेळात परततो यावरून बिघाडाची जागा काढली जाते. मग खास बांधणीचे जहाज तेथे जाऊन गळ टाकते, तळावरून केबलची टोके वर ओढून घेते आणि जहाजावरच्या बंदिस्त खोलीत तंत्रज्ञ एकेक तंतू जोडतात. हे काम दुसऱ्या कुठल्याही जहाजाला जमत नाही. अशी जहाजे जगात मोजकीच आहेत, त्यांतली बरीच जुनी झाली आहेत, आणि एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी बिघाड झाला की रांग लागते. त्यात आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने उथळ समुद्रात हे काम करणे अतिशय अवघड असते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२३ मध्ये या विषयावर सविस्तर शिफारशी केल्या होत्या. दुरुस्तीसाठी परदेशी जहाजांवर विसंबून राहण्यातला धोका दाखवून भारतीय ध्वजाखालील जहाजांना आर्थिक पाठबळ द्यावे, केबल्सना अत्यावश्यक सेवेचा दर्जा द्यावा आणि पुढे येणाऱ्या केबल्ससाठी किनाऱ्यापासून समुद्रापर्यंतचे तुकडे आधीच टाकून ठेवावेत, असे त्यांत सुचवले होते. यांतील कोणत्या शिफारशी प्रत्यक्षात आल्या याचा हिशेब महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेत मागावा. दुरुस्ती जहाजाला वेगवेगळ्या खात्यांकडून घ्याव्या लागणाऱ्या परवानग्या एकाच खिडकीतून आणि ठरलेल्या मुदतीत मिळाल्या पाहिजेत. युद्धनौकेच्या तुलनेत असे जहाज फार स्वस्तात पडते, आणि मुंबई बंदरात एक कायम सज्ज असणे ही अवाजवी मागणी नाही.

राज्य सरकारच्या हातातलेही एक काम आहे आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. केबल्सचे मार्ग दाखवणारे सोपे मराठी नकाशे मत्स्यव्यवसाय विभागाने मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत प्रत्येक तांडेलापर्यंत पोहोचवावेत, आणि ज्याचे जाळे केबलमध्ये अडकेल त्याने ते ओढून न काढता कापून सोडून दिले तर त्याला जाळ्याची भरपाई मिळावी. अशी भरपाई देण्याची तरतूद १८८४ च्या करारातही होती. किनाऱ्यावरील संशयास्पद हालचाली सर्वांत आधी आपल्या कोळी बांधवांच्या नजरेस पडतात, हे २६/११ नंतर सरकारने स्वतःच मान्य केले आणि सागरी सुरक्षेत त्यांचा सहभाग घेतला. नांगर फरफटत चाललेले जहाज दिसल्यावर कोणत्या क्रमांकावर कळवायचे, एवढी माहिती येत्या नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात उतरण्यापूर्वी त्यांना मिळावी, अशी माझी मत्स्यव्यवसाय विभागाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वाचक, अंधेरी (पश्चिम), मुंबई