माळेचं नाव काढतोय, रागावू नकोस

बार्शी,
कार्तिक शुद्ध दशमी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजमध्ये मला दोन ओळींपुढं जमत नाही, म्हणून पाठकोरे कागद घेऊन बसलोय. आगाराच्या विश्रांतीगृहात आहे, पलीकडं ड्रायव्हर घोरतोय. अक्षर समजून घे.

दोन मार्कांनी यादीतून गेलीस. दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून दिवसाला किती भांडणं होतात ते मी सव्वीस वर्षं बघतोय, पण दोन मार्कांचा हिशोब मला लावता येत नाही. अजून अभ्यास करायला हवा होता असं म्हणणार नाही. पहाटे अभ्यासिकेत जागा धरायला तू किती वाजता उठायचीस ते मला ठाऊक आहे.

पण तू आईला जे लिहिलंस, "दोन वर्षं एकादशी धरली, काय दिलं विठोबानं? बाबांना सांग, आता माळेचं नाव काढू नका," ते वाचून आई रडली. मला मात्र, खरं सांगू, जरा हलकं वाटलं. का ते सांगतो. हे आजवर तुला सांगितलं नव्हतं.

आजीला जन्मभर आळंदीपासून पायी जायचं होतं. आधी आजोबांचं आजारपण, मग आमची शिक्षणं, मग तुझा जन्म. दरवर्षी काही ना काही. आणि माझं असं, की आषाढी आली की मला जादा गाड्यांची ड्यूटी. हजारो माणसं मी पंढरपूरला नेऊन सोडली आणि आईला म्हणत राहिलो, पुढच्या वर्षी. शेवटी २०२० साठी रजा साठवली, दिंडीत दोघांची नावं दिली. आजीनं चपला घेतल्या, त्या घरात घालून फिरायची, पायाला सवय व्हावी म्हणून. आणि कोरोनानं पायी वारीच बंद झाली. दशमीला, ३० जूनला, पादुका एसटीनं पंढरपूरला निघाल्या. टीव्हीवर फुलांनी सजवलेली गाडी दिसली तशी आजी उठून बसली आणि मला म्हणाली, "बघ रे, माऊली तुझ्या यष्टीत बसली!" तिला केवढा आनंद झाला होता! मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ती गेली. चपलांचे तळ घासलेसुद्धा नव्हते. पुढं ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली. पहिल्या दिवशी शून्य रकमेचं तिकीट फाडून एका म्हातारीच्या हातात दिलं तेव्हा माझा हात थरथरला. असो.

आजीचे दिवस झाल्यावर मी माळ काढली. कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली. तू तेव्हा घरातच होतीस, ऑनलाइन वर्गात. तुला वाटलं, दोरा तुटलाय. दोरा तुटला नव्हता. आठ महिने ती तिथंच होती. (मटण खाल्लं नाही. तत्त्व वगैरे काही नाही, जिभेला सवय राहिली नव्हती.) पंढरपूरची फेरी लागली की नदीच्या पुलावर सगळी गाडी हात जोडायची आणि मी तिकिटांचे पैसे मोजत बसायचो. मनात मात्र त्याला शिव्या. एका म्हातारीची एवढीशी हौस तुला पुरवता आली नाही? कमरेवर हात ठेवून बघत काय राहिलास? जाताना शिव्या, येताना शिव्या.

मग एकदा कुर्डुवाडीच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली. रस्त्याकडेला बसलो असताना ध्यानात आलं, की जो नाहीच म्हणतोय त्याच्याशी मी दिवसातून चार वेळा बोलतोय. माळ गळ्यात होती तेव्हासुद्धा इतका बोलत नव्हतो. घरी येऊन माळ परत घातली. आपल्या हातानं घालायची नसते म्हणतात. मी घातली. राग गेला नव्हता. आजही सगळा गेलेला नाही.

चमत्कार झाला का, तर नाही. आजी का जाऊ शकली नाही याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि "देव जे करतो ते बऱ्यासाठीच" असं कुणी म्हणालं तर मी विषय बदलतो.

तुला आठवतं का, तू दुसरीत असताना आपण दर्शनाला गेलो होतो. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी बघून तू विचारलंस, "हे बाहेर का?" मी म्हणालो, चल, रांग सरकली. मला नीट सांगता येईना. चोखोबांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, ते बाहेरून हाका मारत राहिले. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून १३३८ मध्ये गेले. मंगळवेढ्याची फेरी मला लागते, पंधरावीस मैलांचा रस्ता, आणि दर खेपेला वाटतं, एवढ्या जवळ राहूनही हा माणूस आत जाऊ शकला नाही. त्यांच्या दुःखाशेजारी तुझे दोन मार्क ठेवत नाही, तेवढी अक्कल मला आहे. सांगायचं एवढंच, की दार बंद ठेवणारी माणसंच होती, आणि ते उघडलं तेही माणसांनीच. साने गुरुजी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा उघडलं. म्हणून कुठल्याही बंद दाराला मी "देवाची इच्छा" म्हणत नाही. तूही म्हणू नकोस. पेपर परत तपासून घ्यायचा असेल तर अर्ज कर. फी मी भरतो. पुढच्या वर्षी बसायचं नसेल तर नको बसू.

पण त्याच्याशी अबोला धरू नकोस. भांड. आपल्याकडं संतांनी त्याला काय काय सुनावलंय! जनाबाईनं तर शिव्या दिल्यात आणि आपण त्या टाळ वाजवत म्हणतो. पुंडलिकानं आईबापाचे पाय चेपताना त्याला वीट फेकून दिली, थांब म्हणाला. आमच्या भाषेत, देवालाच विनंती थांबा दिला! तो अजून उभा आहे. तू दोन वर्षं एकादशी धरलीस, तर दोन वर्षं शिव्याही दे. नवस फेडायचा राहिला असेल तर राहू दे. तो वसुलीला येत नाही.

उद्या कार्तिकी. चार महिने झोपलेला देव उद्या उठतो म्हणतात. माझी ड्यूटी पहाटे चारची आहे. पुलावर गाडी आली की तुझ्या वतीनं पहिलं भांडण मीच काढणार आहे, कारण तुझ्याइतका मीही चिडलोय.

पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडं डबा दिलाय. शेंगाची चटणी, कडक भाकरी, आणि तुझ्या रूममेटसाठी वेगळ्या पुडीत लसणाची. गाडी सातच्या सुमारास स्वारगेटला लागते. स्वतः जाऊन घे, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. चार दिवस खोलीबाहेर पडली नाहीस असं कळलंय. एकादशीला भाकरी नको वाटली तर परवा खा. वाटली तर उद्याच खा, मी कुणाला सांगणार नाही.

स्टीलचा डबा आजीचा आहे. धुऊन त्याच गाडीनं परत पाठव.

तुझे बाबा