‘श्नॉझ’ म्हणजे नाकाड!
संपादक महोदय,
अमेरिकन लोक मोठ्या नाकाला गमतीने ‘श्नॉझ’ म्हणतात, बऱ्याच जणांना तो थेट जर्मन शब्द वाटतो पण तो बहुधा यिडिशमधून, म्हणजे पूर्व-मध्य युरोपातल्या ज्यू लोकांच्या भाषेतून आलाय, तिथे ‘श्नॉइत्स’ म्हणजे जनावराचं मुस्कट. जर्मनमध्ये ‘श्नाउत्से’, आणि आपल्याकडेही लोक हौसेने पाळतात तो मिशाळ श्नाउझर कुत्रा, तोही याच घराण्यातला. कॉमेडियन जिमी ड्युरांटी तर ‘श्नॉझोला’ म्हणूनच फेमस होता, आणि १९४५ साली हॉलिवूडच्या चायनीज थिएटरसमोर ओल्या सिमेंटमध्ये पठ्ठ्याने हातांसोबत चक्क नाकाचाही ठसा उमटवला! आपल्याकडे कुणाला ‘नाकाड्या’ म्हणून बघा, लगेच नाकाला मिरच्या झोंबतील.
– एक वाचक, पुणे