गृहपाठ आठवड्याचा एकदम सांगा, म्हणजे घरी काही शिकवायला वेळ तरी कळेल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी पाचवीत आहे आणि मुलगा दुसरीत. शाळेत जे चालतं ते चालू दे, पण घरी थोडं वरचं काहीतरी करून घ्यावं, गणितात जिथे अडतं तिथे सोबत बसावं, वाचनाची गोडी लागावी, एवढंच आमच्या मनात होतं. पण हे थोडंसं काहीतरी शाळेच्या वेळा सांभाळून बसवायचं कुठे, यात आमचं जवळजवळ अख्खं वर्ष गेलं आणि त्यातून जे समजलं ते इतर पालकांना आणि खास करून शाळांना सांगावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

वर्षाच्या सुरुवातीला मी मुलीचं टाइमटेबल केलं होतं. शाळेतून आली की अर्धा तास आराम, मग ५ ते ६ गणित, ६ ते साडेसहा वाचन, त्यानंतर शाळेचा गृहपाठ आणि रविवारी सकाळी दोन तास उजळणी. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात शाळेतून एक प्रोजेक्ट आला, तो दोन दिवसात द्यायचा होता, त्यामुळे आमचं गणित मागे पडलं, ते भरून काढायला मी तिला रात्री उशिरापर्यंत बसवलं, दुसऱ्या दिवशी ती पेंगतच शाळेत गेली. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती वहीवर डोकं ठेवून रडायला लागली, म्हणाली, "आई, मी आत्ताच तर शाळेतून आलेय ना." मी वही मिटली आणि त्या दिवशी पुढे काहीच घेतलं नाही.

मग रात्री कागद घेऊन बसले आणि तिच्या दिवसाचे तास मांडले. हे खरं तर टाइमटेबल करायच्या आधीच करायला हवं होतं. शाळा आणि जाण्यायेण्याचा प्रवास मिळून ८ तास. झोप १० तास, आणि हे काही लाड नाहीत, अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली ज्या शिफारशी दिल्या त्यात ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाच्यांना ८ ते १० तास झोप लागते असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे उरले ६ तास. आंघोळ, जेवणखाण, दप्तर भरणं, सकाळची घाई यात अडीच तास सहज जातात, गृहपाठाला पाऊण तास. राहिले पावणेतीन तास, आणि त्यात तिचं खेळणं, मैत्रिणी, भावाशी भांडण, नुसतं लोळत पडणं आणि आमच्याशी गप्पा हे सगळं बसायचंय. यातला दीड तास मी अभ्यासाला काढून घेतला होता. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ हे मुलांच्या विश्रांतीचं आणि खेळण्याचंच आहे. हक्क म्हणून लिहावं लागलं इतकं ते महत्त्वाचं आहे, आणि घरात आपण सगळ्यात आधी कात्री लावतो ती त्यालाच.

आता आम्ही काय करतो ते सांगते. रोज फक्त १५ मिनिटं, तीही सकाळी, शाळेला निघायच्या आधी, कारण आमची मुलगी सकाळी ताजी असते. प्रत्येक मूल असं नसतं, माझ्या बहिणीचा मुलगा सकाळी धड बोलतही नाही आणि संध्याकाळी खेळून आला की त्याचं डोकं चालतं, त्यामुळे घड्याळापेक्षा मुलाकडे बघून वेळ ठरवावी हे माझं मत. शाळेतून आल्यावर पहिला तासभर काहीही विचारायचं नाही, आज काय शिकवलं हे सुद्धा नाही. परीक्षेच्या आठवड्यात आणि बरं नसताना घरचा अभ्यास पूर्ण बंद, आणि बुडलेला दिवस नंतर भरून काढायचा नाही, हा नियम मी स्वतःसाठी केलाय कारण ते भरून काढण्याच्या नादातच आमचं पहिलं टाइमटेबल कोसळलं होतं.

१५ मिनिटात काय होणार असं लोक विचारतात. आठवड्यातले ५ दिवस धरले तर ७५ मिनिटं आणि वर्षाचे ४० आठवडे धरले तर ३००० मिनिटं, म्हणजे ५० तास होतात. पण तासांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिलं की नवीन पाठ केलेलं आपण सुरुवातीलाच भराभर विसरतो आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होतो, आणि एकदम बसून घोकण्यापेक्षा मध्ये दिवस जाऊ देऊन परत परत केलं तर कमी कष्टात लक्षात राहतं. त्यानंतर कितीतरी संशोधकांना हेच आढळलंय. आमच्या रविवारच्या दोन तासांचं नेमकं हेच होत होतं, रविवारी सगळं यायचं आणि गुरुवारपर्यंत कोरं.

दुसरं म्हणजे वाचून घेण्यापेक्षा आठवायला लावणं. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. ज्यांनी उतारा परत परत वाचला त्यांना पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत जास्त आलं, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे होते. त्यामुळे आता आमच्या १५ मिनिटातली पहिली पाच अशीच जातात, वही बंद, काल काय केलं ते मला सांग. मी शिकवत नाही, तीच मला शिकवते. याचा एक फायदा असा की पालकाला तो विषय येत नसला तरी चालतं, उलट आईला खरंच येत नाहीये हे दिसलं की मुलगी जास्त खुलून सांगते.

अपूर्णांकांचं उदाहरण देते कारण आमचं घोडं तिथेच अडलं होतं. पालकसभेत तिच्या बाई म्हणाल्या, "बेरीज वजाबाकी पायरीने बरोबर करते हो, पण एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश असं विचारलं की गडबडते, चार हा तीनपेक्षा मोठा म्हणून एक चतुर्थांश मोठा म्हणते." त्या बाईंचं हे एक वाक्य माझ्या वर्षभराच्या टाइमटेबलपेक्षा जास्त कामाला आलं. मी गणितं घालणं थांबवलं आणि कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापल्या. एक मधोमध दुमडली, दुसरीचे दोनदा दुमडून चार भाग, तिसरीचे आठ. मग तिला म्हटलं आता एकीचे बरोबर तीन भाग कर. दोन, चार, आठ पटकन होतात पण तीन भाग सारखे येईनात, ती दोन दिवस त्याच्याच मागे होती, पट्टी लावून मोजून पाहिलं, १२ सेंटीमीटरची पट्टी घेतली तर ४ सेंटीमीटरवर घडी येते हे तिने स्वतः शोधलं. मग पट्ट्या एकाखाली एक ठेवल्यावर तीच म्हणाली, जास्त जणांत वाटलं तर प्रत्येकाला कमीच येणार ना. पाठ्यपुस्तकाचं एक पानही पुढे न जाता आठवडाभर हेच चाललं होतं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

यावरून एक सांगते, शाळेत पुढच्या महिन्यात जे शिकवणार ते घरी आधीच उरकून ठेवायचं, हे मला पटत नाही. मी मुलाच्या बाबतीत ते करून पाहिलं, दोनचे, तीनचे पाढे आधीच पाठ करून घेतले, मग वर्गात ते चालू झाल्यावर तो कंटाळून खिडकीबाहेर बघत बसायला लागला. घरी जे करायचं ते शाळेच्या पुढे धावणारं नसावं, त्याच गोष्टीच्या जरा खोलात जाणारं असावं. ज्या मुलाचा पाया कच्चा राहिलाय त्याला मागे जाऊन ते पक्कं करून द्यावं, त्याला कमीपणा वाटू न देता.

बक्षिसांचंही सांगायलाच हवं. मी पुस्तक संपलं की एक स्टिकर द्यायचे आणि दहा स्टिकरला एक भेट. महिन्याभरात मुलीने जाड पुस्तकं उचलणं सोडलं, सगळी पातळ पातळ निवडायला लागली, आणि स्टिकर संपले तेव्हा वाचनही थांबलं. नंतर वाचनात आलं की १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता, ज्यांना चित्र काढायची मुळात आवड होती अशा मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं आणि नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. आता आमच्याकडे झोपताना मी मोठ्याने वाचते, दोघंही ऐकतात, कधी मुलगी माझ्या हातातून पुस्तक घेऊन पुढचं वाचते. तिला वाचता येतं मग तुम्ही का वाचून दाखवता असं विचारतात, पण जे पुस्तक तिला अजून एकटीने झेपत नाही ते ऐकून मात्र कळतं, आणि नवीन शब्द तिथूनच येतात. हे १५ मिनिटात मी मोजत नाही.

आता शाळांकडे वळते. घरच्या अभ्यासाला जागा मिळत नाही याचं मोठं कारण गृहपाठ रोजच्या रोज कळतो हे आहे. आज दहा मिनिटांचा, उद्या दीड तासाचा, परवा अचानक चार्टपेपर आणून चित्र काढायचं. रात्री आठ वाजता मोबाईलवर मेसेज येतो आणि घरात धावपळ सुरू होते. पालक ऑफिसमधून आलेले असतात, काहींची शिफ्ट असते, सगळ्यांनाच ते जमत नाही आणि ओरडा मात्र मुलाला बसतो. शिक्षकांवर किती कामं असतात हे मला माहीत आहे, मी त्यांना दोष देत नाही. पण सोमवारी पूर्ण आठवड्याचा गृहपाठ एकदम सांगितला आणि शुक्रवारी घेतला तर शिक्षकांचं काम वाढणार नाही आणि कोणत्या दिवशी किती करायचं हे आम्ही मुलासोबत बसून ठरवू शकू. मुलालाही स्वतःचा वेळ आखायची सवय लागेल.

लहान वर्गांना गृहपाठ कमीच असावा हेही म्हणावंसं वाटतं. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या गृहपाठावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता, त्यात गृहपाठ आणि मार्क यांचा संबंध सातवी आणि त्यापुढच्या वर्गांत जास्त दिसला आणि लहान वर्गांत कमी. तिकडे दर इयत्तेला १० मिनिटं असा एक साधा नियम बरेच जण मानतात, म्हणजे दुसरीला २० मिनिटं आणि पाचवीला ५०. एवढं जरी पाळलं तरी माझ्या मुलाची संध्याकाळ मोकळी होईल, त्याला आज दुसरीत असून तासभर लिहावं लागतं.

आणि पालकसभेत मार्कांच्या यादीसोबत प्रत्येक मुलाबद्दल एकच गोष्ट सांगा, की या महिन्यात घरी एवढंच बघा. आमच्या बाईंनी सांगितलं तसं एक वाक्य पुरतं.

तुमच्या पेपरालाही एक विनंती, मुलांच्या पानावर आठवड्यातून एक असा प्रश्न छापा की ज्याला लगेच उत्तर नसतं, ज्याच्यासाठी काहीतरी मोजावं, कापावं किंवा घरातल्या कोणाला तरी विचारावं लागेल. उत्तर पुढच्या आठवड्यात द्या, त्याच दिवशी खाली उलटं छापू नका. आमच्या सकाळच्या १५ मिनिटांसाठी आम्ही तो नक्की वापरू.

आपली,
दोन शाळकरी मुलांची आई