आजारपणातलं लग्न आणि चर्च

मा. संपादक,
स. न.

जोडीदार कायमचा अंथरुणाला खिळला तर दुसरं लग्न करावं का, यावर आपल्याकडे आलेली पत्रं वाचली. 'कॅथलिकांना तर चर्च सोडूच देत नाही, बिचारे अडकतात' असं एकाने लिहिलं आहे. मी त्या 'अडकलेल्यां'पैकी आहे, म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीही उठून तिची कूस बदलावी लागते. मे महिन्यात कूलर थेट अंगावर आला की ती कण्हते, बाजूला फिरवला की पाठ घामाने भिजते. तोंडून शब्द फुटत नाही, पण संध्याकाळी मी 'नमो मारिया' ही मरियामातेची प्रार्थना सुरू केली की शेवटचं 'आमेन' ती स्पष्ट म्हणते.

शेजारच्या मुलाने परवा विचारलं, "काका, तुमच्यात लग्न रद्द करता येतं म्हणे?" येतं, पण आजारासाठी नाही. चर्च पाहतं ते लग्नाच्या दिवशीची संमती. ती खरी होती का, दबावाखाली तर दिली नव्हती ना, देणाऱ्याची मनाने तेवढी कुवत होती का. नंतर आलेल्या लकव्याने किंवा कॅन्सरने त्या दिवशीचा होकार खोटा ठरत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेचं कलम ११४१ सांगतं की दोन बाप्तिस्माधारकांचा विधिवत होऊन शरीरसंबंधाने पूर्णत्वाला गेलेला विवाह मृत्यूशिवाय कशानेही सुटत नाही. पण मनोविकाराने हिंसक झालेल्या जोडीदाराचा मार खात राहा, असं चर्च सांगत नाही. जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर कलम ११५३ प्रमाणे वेगळं राहता येतं. दुसरं लग्न मात्र नाही.

देशाचा कायदा निराळा. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ मध्ये निघालं. इतर धर्मीयांच्या कायद्यांतूनही तेव्हाच निघालं. वरोऱ्याचं आनंदवन पाहत मोठे झालेल्या आम्हा वैदर्भीयांना ही तारीख फार उशिराची वाटते.

मला जाच होतो तो नियमाचा नाही. सुखात, दुःखात, आजारात साथ देईन, हे मी स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं आणि आजही म्हणेन. जाच होतो तो एकटेपणाचा. फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) घेऊन येतात, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं तेव्हा तिच्याजवळ बसायला कुणी मिळालं नाही. बाहेरून कुलूप लावून गेलो. परत आलो तर ती पलंगाच्या कडेला घसरली होती, डावा हात गजाला घट्ट धरून. किती वेळ धरला होता, ते तिला सांगता येत नाही.

आम्ही वचन दिलं तेव्हा अख्खं चर्च भरलं होतं. त्या साऱ्यांनी ते ऐकलं होतं, मग ते निभावताना त्यांचा काहीच वाटा नाही का? लग्नाआधी वधूवरांची नावं रविवारी चर्चमध्ये पुकारतात. त्याच वेळी, या आठवड्यात कुणाच्या घरी दोन तास बसायला कोण जाईल, हेही नागपुरातल्या प्रत्येक चर्चमध्ये विचारलं जावं, एवढी धर्मगुरूंना आणि चर्चच्या मंडळींना विनंती आहे. आमच्याकडे मंगळवार सकाळ चालेल.

– एक वाचक, नागपूर