स्वयंसेवकांची मजुरी बुडू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा राज्यातील निवडक ठिकाणांत भुसावळचेही नाव होते. रेल्वे जंक्शन, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आणि भुसावळ व वरणगावच्या आयुध निर्माण्या एकाच टापूत असल्याने ते स्वाभाविकच आहे. भोंगा वाजल्यावर वस्तीतले दिवे मालवणे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सुरक्षित जागी नेणे, जखमींना उचलणे ही कामे पगारी यंत्रणा एकटी पार पाडू शकत नाही. त्यामुळे विनावेतन स्वयंसेवकांची नोंदणी वाढवण्यास माझा मनापासून पाठिंबा आहे.

मात्र या सेवेसाठी कोणाला पदरमोड करावी लागू नये. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात घड वाहणारा किंवा चोपडा-अमळनेरकडे कापूस वेचणारा तरुण रोजच्या मजुरीवर घर चालवतो. प्रशिक्षणासाठी त्याने भुसावळ गाठायचे, तर मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे वेगळे. असेच चालले, तर नावे नोंदवतील ते शहरातले नोकरदार आणि महाविद्यालयीन विद्यार्थी. आणि ज्यांना ओझे उचलण्याची, रात्री शेतवाटेने चालण्याची सवय आहे, जे बाराही महिने गावातच असतात, तेच बाहेर राहतील. हे मला फार गंभीर वाटते.

गृहरक्षक दलाचे उदाहरण घरचेच आहे. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात सुरू झालेल्या या दलाचे जवान स्वयंसेवकच गणले जातात, तरी बंदोबस्ताच्या दिवसांचा भत्ता त्यांना मिळतो, आणि त्यामुळे त्यांच्या सेवाभावाला उणेपणा आला असे कोणी म्हणणार नाही. नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकालाही निदान प्रशिक्षणाच्या दिवसांची बुडालेली मजुरी, प्रवासखर्च आणि अपघात विमा मिळावा. प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, कापूस वेचणी आटोपल्यावर आणि उन्हाचा कडाका सुरू होण्याआधी, शक्यतो संध्याकाळी ठेवावे.

२००९ च्या दुरुस्तीने नागरी संरक्षण कायद्यात आपत्ती व्यवस्थापनाचाही समावेश झाला आहे. तेव्हा हतनूर धरणाचे दरवाजे उघडले जातात, त्या वेळी तापीकाठच्या गावांना सावध करण्याचे काम याच स्वयंसेवकांकडे द्यावे. शिकलेले हाताशी राहायचे तर दरवर्षी खरे काम हवे. क्वचित कधीतरी भोंगा वाजवून ते साधणार नाही. जिल्हा प्रशासनाने पुढील नोंदणीचे आवाहन करतानाच भत्ता आणि विमा यांची लेखी हमी जाहीर करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सावदा (जि. जळगाव)