खडूच्या रेघेच्या आतली जागा

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा घेणार का?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे उघडं पत्र. शिवाय माझी मासेमारीची कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, पाहून इंदूरचे बरेच जण विचारतात, सामान इतकं नीट कुणी लावून दिलं? त्यांनाही कळू दे.

तुम्ही माळकरी. गळाला तुम्ही आयुष्यात हात लावलेला नाही. पण टेम्पोच्या बॉड्या बांधण्यात तुमची हयात गेली, आणि कुठलं वजन कुठे ठेवलं की गाडी कशी चालते हे तुमच्या हाडात मुरलेलं आहे. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. ते दिवस तुम्ही माझ्या कयाकसाठी दिलेत.

अंगणात दोन जुन्या टायरांवर कयाक ठेवून तुम्ही मला लाइफ जॅकेटसकट तिच्यात बसवलंत आणि हातात खडू दिलात. "खांदा न वळवता हात जिथवर पोचतो, तिथवर रेघ मार." रेघेच्या आत जागा उरली ती एवढीशी, गुडघ्यांच्या मधली आणि दोन्ही मांड्यांलगतची. पाण्यावर सारखं लागतं तेवढंच इथे, बाकीचं काठाला लावून काढायचं, असं तुम्ही ठरवून टाकलंत. नर्मदेच्या प्रवाहात मागे वळून काही शोधायला गेलं की अंगाचं वजन एका कडेला जातं आणि कयाक कलंडायला तेवढं पुरतं. नवी कयाक घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी खडू आणायला सांगतो.

मग तुम्ही विचारलंत, "मासा सोडायचा असेल तर गळ काढेपर्यंत तो पाण्याबाहेर किती वेळ राहतो?" मासेमारी करणाऱ्या कुणीही मला हे असं विचारलं नव्हतं. महाशीर हा आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यमासा, आणि त्याची संख्या फार घटली आहे. नर्मदाकाठच्या बडवाहच्या बाजूला तो चुकून गळाला लागला तर क्षणाचाही उशीर न करता सोडायचा. म्हणून लांब चोचीच्या पकडीला तुम्ही सगळ्यात मानाची जागा दिलीत, उजव्या मांडीजवळ, कॅनव्हासच्या उभ्या खिशात. आता नजर माशावर ठेवूनच ती हातात येते, आणि बहुतेक वेळा मासा पाण्यातच असताना गळ निघतो.

सीटमागचा क्रेट चोइथराम मंडीतला, भाजीचा. सियागंजहून दीड इंची पीव्हीसी पाइप आणून तुम्ही त्याचे हातभर तुकडे केलेत आणि क्रेटच्या मागच्या बाजूला केबल टायने आवळलेत. पाइपच्या तोंडाला हॅक्सॉने खाच पाडलीत. पाइपमध्ये रॉड, म्हणजे गळाची काठी, उभा राहतो आणि रीलचा, म्हणजे दोर गुंडाळायच्या चक्राचा, दांडा त्या खाचेत बसतो, त्यामुळे रॉड गरगर फिरत नाही. खाचेच्या कडा काचकागदाने किती वेळ घासत बसला होतात! बोट फिरवून पाहायचं आणि पुन्हा घासायचं. कयाकच्या अंगाला मात्र एकही भोक पाडू दिलं नाहीत. कंपनीने दिलेल्या कड्यांमधूनच इलॅस्टिकची दोरी आडवी-तिडवी ओवलीत. पाणी निघून जायची भोकं झाकली जाऊ नयेत म्हणून क्रेटखाली फोमच्या पट्ट्या घातल्यात.

जड सामान मध्ये आणि तळाशी, म्हणून पाण्याच्या बाटल्या सीटलगत. कोरडे कपडे पुढच्या झाकणाखाली. रॉड उभे ठेवायचे ते फक्त मोकळ्या पाण्यात. झाडाखालून जाताना, विजेच्या तारांजवळ किंवा आभाळ गडगडलं की लगेच आडवे. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते हे तुम्ही मला चार वेळा बजावलंत, आणि ते बरंच केलंत.

बंदी उठायच्या आधी तुम्ही गुडघेदुखी विसरून तळ्यावर आलात. मी कमरेएवढ्या पाण्यात कयाक मुद्दाम उलटी केली आणि काठावर तुम्ही सामानाची यादी घेऊन एकेक नाव पुकारलंत. वल्हं, रॉड, पक्कड, सगळं आपापल्या दोरीला होतं. आमिषांचा एक डबा तेवढा सुटून तरंगत निघाला. घरी येताच क्रेटच्या झाकणावर दुसरं इलॅस्टिक चढलं. दोऱ्या आखूड ठेवायच्या, अंगाला एकही बांधायची नाही, नाहीतर पाण्याखाली पाय अडकतो, हा नियमही त्याच दिवशी झाला. सुरी आणि शिट्टी तेव्हापासून लाइफ जॅकेटवरच असतात.

काका, मजुरी विचारली तेव्हा तुम्ही रागावलात. म्हणून इथे सगळ्यांदेखत सांगतो, नर्मदेवर मी निर्धास्त बसतो ते तुमच्यामुळे. घरी आईसुद्धा आता "जपून" एवढंच म्हणते, पूर्वी ती जाऊच देत नव्हती.

पकडीच्या खिशाची शिवण एका कोपऱ्यात सुटत आली आहे. रविवारी घेऊन येतो, जाड दोरा आणि दाभण मीच आणीन. काकूंना नमस्कार.

आपला,
खालच्या मजल्यावरचा