आठवण : रविवारी मॅकार्टनी वकिलातीची चित्रे

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी जमायचे आहे. एका सभासदाने मोठ्या मनाने आपल्यासमोर ठेवलेला ग्रंथ पाहू : जॉर्ज स्टाँटन यांनी लिहिलेला, १७९७ साली लंडनमध्ये छापलेला ब्रिटिश राजदूत लॉर्ड मॅकार्टनी यांच्या चीनमधील वकिलातीचा, म्हणजे बादशहाकडे गेलेल्या शिष्टमंडळाचा, वृत्तान्त. मजकुराचे दोन खंड, शिवाय चित्रे-नकाशांचा एक भलामोठा खंड. ही वकिलात सप्टेंबर १७९२ मध्ये ‘लायन’ या ६४ तोफांच्या युद्धनौकेवरून निघाली होती.

चित्रे पाहताना एक लक्षात असू द्या. वकिलातीचे चित्रकार विल्यम अलेक्झांडर यांना जेहोलला, म्हणजे चीनच्या बादशहाच्या उन्हाळी मुक्कामी, नेलेच नाही. ते पेकिंगमध्येच (आजचे बीजिंग) राहिले. बादशहाची भेट आणि चीनची भिंत त्यांनी इतरांच्या रेखाटनांवरून रंगवली. नद्या-कालव्यांतल्या नावा मात्र स्वतः पाहिलेल्या, आणि मला त्याच अधिक जिवंत वाटतात.

हात धुऊन, पूर्ण कोरडे करून या. टिपणांसाठी फक्त शिसपेन्सिल. पेन, चहा, पाण्याच्या बाटल्या बाहेरच. फोटो चालतील, फ्लॅश नाही. पाने एकच जण उलटेल, कारण मोठे कागद घडीवरच फाटतात आणि ते नुकसान भरून येत नाही.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा. टेबलाभोवती जागा थोडी आहे.